थांबायला जागा

"गाडी लहान घेतलीस ते बरं केलंस बाबा. थांबायला जागा तरी मिळते."

ताम्हिणी घाटात करवंदं विकणाऱ्या मावशी म्हणाल्या. मी माझ्या नव्या ऑल्टोच्या बॉनेटवर पानांचा द्रोण ठेवला आणि कॅमेऱ्याला जुनी सोव्हिएत लेन्स लावली, हेलिओस ४४-२. ५८ मिमी, फोकस हातानेच.

ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र, एफ २ वर पूर्ण उघडलं, तशी फोटोत मागची झाडी भोवऱ्यासारखी गरगरली. मध्ये एकच करवंद, देठाशी पांढऱ्या चिकाचा थेंब.

मावशींनी स्क्रीनवर पाहिलं. "वारा सुटलाय जणू!"

इतकी वर्षं याच घाटातून एसटीने गेलो. या जाळ्या खिडकीतून नुसत्या मागे पळायच्या. मध्येच थांबता येणं ही केवढी चैन आहे, ते आज कळलं.

तुम्ही शेवटचे असे कुठे थांबलात?