दिलोवेचा दगड

आम्हा नागपूरकरांना मध्याचं भारी कौतुक, पाहुण्याला झिरो माईलपाशी नेऊन "हा बघा देशाचा मध्य" असं म्हटल्याशिवाय आमचा पाहुणचार पूर्णच होत नाही. त्यामुळे युक्रेनच्या कार्पेथियन डोंगरात दिलोवे नावाचं एक छोटं गाव आहे आणि तिथे चक्क 'युरोपचा मध्य' म्हणून एक दगड उभा आहे हे कळलं तेव्हा ते गाव मला एकदम सोयऱ्यातलंच वाटलं.

गाव तिसा नदीच्या काठी, राखिव नावाच्या छोट्या शहराच्या खालच्या अंगाला. काळी तिसा आणि पांढरी तिसा राखिवच्या थोडं वर एकत्र येतात आणि मग ही नदी अरुंद दरीतून खाली उतरत, हंगेरी ओलांडून पार सर्बियात डॅन्यूबला मिळते. दोन्ही बाजूंना बीच आणि स्प्रूसचं रान, मागे मारमारोश डोंगर, १९०० मीटरच्या वर उंची. सपाट जागा म्हणाल तर नदी, रस्ता, रेल्वे आणि घरं यांनी दाटीवाटीने वाटून घेतलेली.

दगड १८८७ चा, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या काळातला. त्यावर लॅटिन मजकूर आहे आणि गंमत म्हणजे त्यात मध्याबिध्याचा दावा शोधून काढावा लागतो, कारण सर्व्हेवाल्यांनी तो बसवला होता उंची मोजायला. ट्रिएस्टच्या समुद्रापासून उंची मोजत मोजत साम्राज्यभर जे पक्के खुणेचे दगड बसवले, त्यातला हा एक, बाकीचे आज वेगवेगळ्या देशांत विखुरलेत. लोकांनी मात्र मध्य धरला तो धरलाच, सोव्हिएत सरकारने १९७७ मध्ये शेजारी नवा उंच खांब उभारून त्यावर शिक्काच मारला. (आमच्या झिरो माईललाही १९०७ चा जीटीएस (इंग्रजांच्या काळातला मोठा भारतीय सर्व्हे) बेंचमार्कच आहे हो, म्हणजे उंचीचीच खूण. हसायचं कुणाला?) तिकडे फ्रेंच भूगोलवाल्यांनी १९८९ मध्ये मध्य काढला तो लिथुआनियात, विल्नियसजवळ. दिलोवेत कुणी मनावर घेतलेलं दिसत नाही. लोक येतात, फोटो काढतात, शेजारच्या टपऱ्यांवर लोकरीच्या चपला आणि मेंढीचं चीज घेतात, निघतात.

मला खरी मजा वाटते ती वेगळीच. नावाला मध्य, पण गेल्या शंभर वर्षांत हे गाव ज्या ज्या देशात गेलं त्याच्या बहुतेक कडेलाच राहिलं. दगड बसवला तेव्हा नदीच्या दोन्ही तीरांवर एकच राज्य होतं. पहिल्या महायुद्धानंतर तिसा ही सरहद्द झाली, पलीकडे रोमानिया, आणि अलीकडचं गाव चेकोस्लोव्हाकियाच्या शेवटच्या टोकाला. मार्च १९३९ मध्ये खुस्त गावात कार्पेथो-युक्रेन, म्हणजे हाच सगळा भाग, स्वतंत्र झाल्याची घोषणा झाली, पण तेव्हाच हंगेरीचं सैन्य आत शिरत होतं. १९४५ मध्ये सोव्हिएत युनियन, १९९१ मध्ये युक्रेन. गावाचं नावही आधी त्रेबुशानी होतं, दिलोवे सोव्हिएत काळातलं. एखाद्या आजीने स्वतःच्या घराचं दार न सोडता चार-पाच देशांचे कागद सांभाळले असतील, आणि पेन्शन नेमकी कुठल्या देशाची मागायची हे ऑफिसात जाऊन विचारलंही असेल.

रेल्वेचा घोळ तर त्याहून भारी. रूळ टाकले तेव्हा सरहद्द नव्हती, त्यामुळे राखिवहून खाली निघालेली लाइन दिलोवेनंतर नदी ओलांडून सरळ रोमानियात घुसते आणि पुढे परत युक्रेनच्या हद्दीत येते. एकाच देशातल्या दोन स्टेशनांच्या मध्ये परदेश! नंतर ती गाडी कित्येक वर्षं बंद पडली. २०२२ चं युद्ध सुरू झालं, विमानतळ बंद झाले, बाहेर जायला जमिनीवरचे रस्ते आणि रूळच उरले, आणि तेव्हा हा जुना रूळ सगळ्यांना आठवला. जानेवारी २०२३ मध्ये राखिव ते रोमानिया प्रवासी गाडी पुन्हा सुरू झाली. त्याच काळात लष्करभरतीच्या वयात बसणाऱ्या पुरुषांना देश सोडायची बंदी, त्यामुळे काही जण रात्री तिसा पोहून पलीकडे जायला बघतात, आणि डोंगरातली नदी ती, सगळेच पोचत नाहीत. सरहद्दीवरचे जवान आता नदीकाठी गस्त घालतात, आणि दगडापाशी जाणाऱ्यालाही रस्त्यात नाक्यावर ओळखपत्र दाखवावं लागलं तर त्यात नवल नाही.