नाथसागराच्या काठावर आयपीस निवडताना: माझा अनुभव

गेल्या पावसाळ्यात एका मित्राकडून मला 80 मिलिमीटर भिंगाचा वापरलेला स्पॉटिंग स्कोप, म्हणजे दूरचे पक्षी पाहण्याची एका नळीची दुर्बीण, मिळाला. नळी उत्तम होती, परंतु तिला आयपीस, म्हणजे डोळा लावायचा भिंगाचा भाग, नव्हता. पैठणच्या नाथसागरावर (जायकवाडी धरणाच्या जलाशयावर) दरवर्षी जानेवारीत होणाऱ्या पाणपक्षी गणनेपूर्वी योग्य आयपीस मिळवणे एवढेच काम माझ्यापुढे होते, आणि ते आठवडाभरात उरकेल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात चार महिने गेले.

पहिली चूक मीच केली. ‘75 पटीपर्यंत’ (म्हणजे वस्तू तितक्या पट मोठी दाखवणारा) हे शब्द वाचून मी एका विक्रेत्याकडून झूम आयपीस, म्हणजे पट कमीजास्त करता येणारा आयपीस, मागवला, त्यानेही तो सर्व स्कोपना बसतो असे सांगितले होते. तो माझ्या नळीला बसलाच नाही, कारण बहुतेक कंपन्या आयपीस अडकवण्याची खाच आपापल्या मापाची ठेवतात. पैसे परत मिळायला तीन आठवडे लागले. स्कोपचे मॉडेल आणि आयपीसचा क्रमांक लेखी जुळवून घेतल्याशिवाय मागणी नोंदवू नये, हे मी त्यानंतर प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

पुढे नांदेडच्या एका स्नेह्याने 20 ते 60 पटीचा झूम आणि दुसऱ्या एका पक्षीमित्राने 30 पटीचा रुंद दृश्याचा स्थिर (एकाच पटीचा) आयपीस मला आठ दिवसांसाठी दिला. दोन्ही माझ्या नळीला नीट बसणारे होते. पटीचे गणित साधे आहे: नळीतील भिंगाच्या नाभीय अंतराला (भिंगापासून प्रकाश एकत्र येतो त्या बिंदूपर्यंतच्या अंतराला) आयपीसच्या नाभीय अंतराने भागले की पट मिळते. 480 मिलिमीटरच्या नळीला 24 मिलिमीटरचा आयपीस लावला तर 20 पट आणि 8 मिलिमीटरचा लावला तर 60 पट. परंतु पट वाढते तसा डोळ्यात शिरणारा प्रकाश आकसतो, हे मला कागदावर कधी नीट पटले नव्हते. स्कोप उजळ आकाशाकडे करून मी हातभर मागे सरलो, तेव्हा आयपीसच्या काचेत एक पांढरे वर्तुळ दिसले. 20 पटीला ते मुगाएवढे होते आणि 60 पटीला मोहरीएवढे. 80 ला पटीने भागले की हेच माप येते, म्हणजे 4 मिलिमीटर आणि जेमतेम 1.3 मिलिमीटर. पहाटे अंधुक उजेडात डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते, तेव्हा हा फरक फार जाणवतो.

दृश्याची रुंदी मोजण्यासाठी 100 मीटरवर जमिनीवर टेप अंथरला. झूममधून 20 पटीला 3.7 मीटर दिसले, 30 पटीला 2.9 आणि 60 पटीला अवघे 1.8 मीटर, स्थिर आयपीसमधून मात्र 30 पटीलाच पूर्ण 4 मीटर दिसले. थवा मोजणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. शिवाय मला चष्मा आहे. स्थिर आयपीसमध्ये डोळा भिंगापासून बराच दूर ठेवूनही पूर्ण वर्तुळ दिसत होते, तर झूममध्ये वरच्या पटींना कडा कापल्या जात होत्या.

त्यानंतर खरी परीक्षा घेतली. गाळपेराच्या (धरणाचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या शेतजमिनीच्या) बांधावरील बाभळीला दिनदर्शिकेचे एक पान टाचणीने लावले आणि 60 मीटर अंतरावर ट्रायपॉड रोवला. सकाळी सात वाजता 30 पटीला तारखेचा ठळक आकडा स्वच्छ दिसत होता, परंतु खालची बारीक तिथी वाचता येत नव्हती. 45 पटीला ‘चतुर्थी’ अक्षरशः वाचली. 60 पटीला अक्षरे आणखी मोठी झाली, पण फिकी आणि मऊ पडली, वाचनात काडीचीही भर पडली नाही. अकरा वाजता तोच प्रयोग केला, तेव्हा काळी जमीन तापलेली होती आणि 60 पटीला पान पाण्याखाली ठेवल्यासारखे लहरत होते. शेजारच्या हरभऱ्यात काम करणारे काका उत्सुकतेने पाहायला आले. डोळा लावताच ते म्हणाले, “सर, हे तर लई हालतंय.” मी पट 25 वर आणली. “आता थांबलं,” ते म्हणाले. तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा कमीअधिक घनतेची असते, त्यामुळे प्रकाश सतत वाकत राहतो. पट वाढवली की पक्ष्याबरोबर ही थरथरही तेवढ्याच पटीने मोठी होते, आणि कितीही महाग काच घेतली तरी ती थांबत नाही. आपल्या मराठवाड्यातील उन्हात साठ पटीसाठी जास्तीचे पैसे मोजण्यापूर्वी हा प्रयोग प्रत्येकाने स्वतः करून पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मोजणीसाठी स्थिर आयपीस निःसंशय सरस होता, तरीही मी झूम घेतला. नाथसागराच्या चिखलात छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा हे दोन सारखे दिसणारे चिमुकले पाणपक्षी एकत्र चरत असतील तर पायांच्या रंगावरून, छोट्याचे काळे की टेमिंकचे पिवळसर, ओळख पटवावी लागते, आणि तिथे 30 पट अपुरी पडते. झूमच्या कड्यावर मी 30 आणि 45 या आकड्यांशी पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले आहेत. थवा मोजताना पट अजिबात बदलायची नाही, कारण एका दृश्यात किती पक्षी मावतात हा अंदाज पटीबरोबर बदलतो आणि पुढची सगळी बेरीज चुकते.

जानेवारीतील गणनेच्या दिवशी पट्टकादंबांचा (डोक्यावर काळे पट्टे असलेल्या रानहंसांचा) थवा 30 वर मोजला. त्यानंतर काठालगतच्या टिलव्यांकडे वळलो, कडे 45 वर नेले आणि साडेसातच्या सुमारास पिवळसर पायांचे तीन पक्षी स्पष्ट दिसले. नऊनंतर काठ लहरू लागला, तेव्हा पट 25 वर आणली आणि उरलेल्या टिलव्यांपुढे वहीत केवळ ‘टिलवे, जात अनिश्चित’ असे लिहिले.