खाणीत न उतरलेल्या बायकांची गाणी

गेला आठवडाभर मी एकच गाणं परत परत ऐकतेय, ‘विच साइड आर यू ऑन’, म्हणजे तू नक्की कोणाच्या बाजूचा. पुढे कितीतरी गायकांनी ते गायलं, पण मूळ गाणं १९३१ सालचं, अमेरिकेतल्या केंटकी राज्यात हार्लन काउंटी म्हणून कोळसाखाणींचा भाग आहे तिथलं, आणि ते लिहिलं फ्लोरेन्स रीस नावाच्या बाईनं. खाणकामगाराची मुलगी, खाणकामगाराची बायको, पण स्वतः कधी खाणीत उतरलेली नाही.

ते दिवस मंदीचे होते. मालकांनी मजुरीत १० टक्के कपात केली. आधीच राहायचं घर कंपनीचं, किराणा कंपनीच्या दुकानातून, पगारसुद्धा बऱ्याच वेळा रोख नाहीच, कंपनीची टोकनं मिळायची आणि ती कंपनीच्याच दुकानात चालायची, त्यामुळे युनियनचं नाव काढलं की काम गेलं आणि काम गेलं की डोक्यावरचं छप्परही गेलं. मे महिन्यात तिथल्याच एव्हार्ट्स गावाजवळ कामगार आणि कंपनीची माणसं यांच्यात गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली.

फ्लोरेन्सचा नवरा सॅम युनियनचं काम करायचा. शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, जे. एच. ब्लेअरची माणसं त्याला शोधत घरी आली, तो आधीच निसटला होता, घरात ही आणि पोरं. त्यांनी सगळं घर उलटंपालटं केलं. ती माणसं गेल्यावर तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान टरकन फाडलं आणि त्यावर गाणं लिहिलं, चाल घेतली चर्चमधल्या एका जुन्या भजनाची. शेरीफचं नावसुद्धा सरळ गाण्यात घातलं! घरात पोरं आहेत, ती माणसं उद्या परत येऊ शकतात, आणि तरी ही बाई नाव घेते. मी प्रत्येक वेळी तिथेच अडकते.

चाल भजनाची, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या डोंगराळ भागातल्या चर्चमध्ये वाद्यं नसायची, एकानं ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती मागून गायची, म्हणजे वाचता येत नसलं तरी काही अडत नाही. अशी चाल ज्यांच्या तोंडात लहानपणापासून बसलीय त्यांना नवे शब्द पाठ व्हायला कितीसा वेळ लागणार!

आणि ती एकटी नव्हती. केंटकीतलीच आंट मॉली जॅक्सन, धंद्यानं सुईण. ज्या घरांत तिनं बाळंतपणं केली त्याच घरांतली पोरं उपाशी बघायची आणि त्यावर गाणी रचायची. १९३१ मध्येच लेखक थिओडोर ड्रायझर तिकडची परिस्थिती बघायला मंडळी घेऊन आले, त्यांच्यासमोर ती गायली, मग न्यूयॉर्कला जाऊन संपकऱ्यांसाठी पैसे गोळा केले. तिची सावत्र बहीण सारा ओगन गनिंग, तिचा नवरा क्षयानं गेला, तीही गाणी करायची.

मग हेझल डिकन्स, वेस्ट व्हर्जिनियाच्या खाण कुटुंबातली. तिचा भाऊ ब्लॅक लंगनं गेला. म्हणजे कोळशाची धूळ वर्षानुवर्षं फुफ्फुसात साचत जाते आणि शेवटी चार पावलं चाललं तरी माणसाला धाप लागते. तिनं त्या आजारावरच गाणं लिहिलं. याच आजाराच्या भरपाईसाठी १९६९ च्या फेब्रुवारीत वेस्ट व्हर्जिनियात ४० हजारांवर कामगारांनी काम बंद ठेवलं, आणि त्याच वर्षी खाणीतल्या धुळीवर मर्यादा घालणारा देशपातळीवरचा कायदा झाला.

१९७३ मध्ये हार्लनमध्येच ब्रुकसाइड खाणीत संप झाला, वर्षभराच्या वर चालला. गेटवर किती कामगार उभे राहू शकतात यावर कोर्टानं बंधन घातलं, मग बायका रस्त्यावर उतरल्या, पहाटे हातात काठ्या घेऊन. बार्बरा कॉपलनं हे सगळं ‘हार्लन काउंटी यूएसए’ या डॉक्युमेंटरीत टिपलंय, तिला पुढे ऑस्कर मिळालं. जमलं तर नक्की बघा. त्यात एका सभेत सत्तरी ओलांडलेली फ्लोरेन्स स्टेजवर येते. वडील खाणीत मेले, नवरा ब्लॅक लंगनं हळूहळू मरतोय, हे ती दोन वाक्यांत सांगते आणि कुठल्याही वाद्याशिवाय ते ४२ वर्षांपूर्वीचं गाणं सुरू करते. आवाज थकलेला, चिरका. समोर बसलेत ते दुसऱ्या पिढीतले कामगार, आणि तेही तिच्याबरोबर गायला लागतात.