‘संबंधित’ म्हणजे कुणाशी?

“संबंधित कोड भरा म्हणतंय. संबंधित म्हणजे कुणाशी रे?” सांगलीच्या मार्केट यार्डात, अडतीवर काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. मी गप्प.

नव्या बिलिंग सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका. त्या ओळीवर हळदीचं पिवळं बोट तीनदा उमटलेलं. म्हणजे मी यायच्या आधी तीनदा वाचून झालं होतं.

हळदीचा एचएसएन, म्हणजे जीएसटी बिलावर लिहायचा मालाचा कोड, ०९१०. उलाढाल ५ कोटींच्या आत असली की चार आकडे पुरतात, वर गेली की सहा लागतात. दोन ओळींचं काम! पण पुस्तिकेत चकार शब्द नाही. ‘सेव्ह करण्यासाठी सेव्ह दाबा’ मात्र चित्रासकट.

काकांच्या हातची पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशोब, बघा. वजन, दर, हमाली, तोलाई. शेतकऱ्याला काही विचारावं लागत नाही.

ही पुस्तिका लिहिणाऱ्यानं छापण्याआधी कुणाला वाचायला दिलं असेल का हो?