अठरावा वाढदिवस काठमांडूत

पीयूसी दुसऱ्या वर्षाचा, म्हणजे बारावीचा, वर्ग परदेशी न्यायचा म्हणजे कागदांसाठी सगळ्यात वाईट वय. अर्धी मुलं सतराची, अर्धी अठराची. बेळगावच्या एका कॉलेजचा नेपाळ दौरा आमच्या सहल कंपनीकडे आला तेव्हा यादीतल्या जन्मतारखाच आधी वाचल्या. खानापूर तालुक्यातल्या एका मुलाला अठरा पूर्ण होणार होती काठमांडूत, दौऱ्याच्या पाचव्या दिवशी.

नेपाळला व्हिसा लागत नाही, तेवढंच पालकांना माहीत असतं. विमानानं जायचं तर पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं ओळखपत्र लागतं. आधार चालतं ते पंधराच्या आतल्यांना आणि पासष्टच्या वरच्यांना. पंधरा ते अठरा वयाच्यांना प्राचार्यांचा दाखला पुरतो, तोही ठरावीक नमुन्यातच. कॉलेजच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून आणतात, त्या परत पाठवाव्या लागतात. अठरा ओलांडलेल्यांची खरी पंचाईत. मतदार नोंदणीचा अर्ज सतराव्या वर्षी देता येतो, पण नाव लागतं ते अठरा पूर्ण झाल्यावर, तेही 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर यांतली पुढची तारीख धरून. कार्ड हातात पडेपर्यंत दौरा होऊन गेलेला असतो.

हा मुलगा जाताना दाखल्यावर जाणार. येताना काय? विमान कंपनीच्या एकानं सांगितलं, निघतानाचं वय धरतात. दुसऱ्यानं सांगितलं, प्रत्येक फ्लाइटच्या दिवशीचं. लेखी मागितलं तर दोघंही गप्प.

वडील म्हणाले, ‘आधार आहे की ओ, मग आणि काय पाहिजे?’

पासपोर्ट हाच सरळ उपाय. पंधरा ते अठरा वयात दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो. मोठ्यांची फी, 1500 रुपये, भरायची. तत्काळचे 2000 वर. आई-वडील दोघांच्या सहीचं घोषणापत्र, ‘अनुबंध डी’, जोडायचं. हुबळीची अपॉइंटमेंटही मिळाली. पण आधारवर नाव आणि पुढे वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, तर मार्क्स कार्डावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आपल्या भागात हे घरोघरी आहे. मराठी शाळेत एका रीतीनं लिहिलेलं, सरकारी कागदावर दुसऱ्या रीतीनं, आणि कानडीतून इंग्रजीत जाताना एखादं अक्षर जास्तीचं. दौरा निघण्याआधी दुरुस्ती होणं शक्य नव्हतं, म्हणून पासपोर्टही राहिला. दहावीचा निकाल लागताच हे जुळवून घ्या म्हणून कॉलेजं का सांगत नाहीत, मला कळत नाही.

दौऱ्याच्या ‘सेवे’वर मात्र कॉलेजनं भरपूर वेळ घातला होता. शाळेच्या भिंती रंगवायचा दिवस शनिवार. नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, कुलूप उघडायलाही कुणी येणार नव्हतं. अनाथाश्रमाची भेट मी काढायला लावली, त्यावरून सर नाराज झाले. नेपाळातले बहुतेक अनाथाश्रम काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की, चितवन या पर्यटकांच्या जिल्ह्यांतच आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ मुलांचे आई-वडील हयात असतात. पाहुण्यांच्या देणग्यांसाठी मुलं गावाकडून आणली जातात. दोन तास गाणी म्हणून, फोटो काढून निघून येणं ही सेवा नव्हे. त्याऐवजी शाळेच्या ग्रंथालयाची पुस्तकं नोंदवायचं काम घेतलं. तिथल्या शिक्षकांनी ते स्वतः सुचवलं होतं.

मुलाला शेवटी परतीला रस्त्यानं काढलं, सोबत एक सर. काठमांडूहून रात्रीची बस भैरहवा, मग सीमेवरचं सुनौली, गोरखपूर, तिथून मुंबईमार्गे बेळगाव. बाकीचे विमानानं दिल्ली आणि पुढे गोवा एक्सप्रेस. सुनौलीला त्याला कुणी कागद विचारला नाही. काठमांडूच्या काउंटरवर, सर सांगतात, दाखल्यांवरचा फोटो आणि शिक्का पाहिला, जन्मतारीख कुणी वाचली नाही. म्हणजे तोही सुटला असता बहुधा. ‘बहुधा’वर मी विद्यार्थ्याचं तिकीट काढत नाही. दोघांचं जादा भाडं कॉलेजनं भरायचं की वडिलांनी, यावर अजून फोन चालू आहेत.