ब्रेस्ट इम्प्लांट करू की नको, माझं ठरलं कसं

लेकाचं दूध सुटलं आणि माझी छाती पार उतरली, त्यात डावी बाजू उजवीपेक्षा चांगलीच लहान, इतकी की ब्लाउज टाकायला गेले की टेलरताई न विचारताच एका बाजूला जास्तीचं पॅड घालायच्या. दुखत खुपत काही नव्हतं, मला आवडत नव्हतं एवढंच. नवरा म्हणाला खर्च किती ते आधी बघ.

गंगापूर रोडला एका क्लिनिकमध्ये गेले तर डॉक्टरांच्या आधी काउन्सेलर मॅडमच बसल्या, पॅकेज, ईएमआय, या महिन्यात डिस्काउंट, आणि वर "लाइफटाइम वॉरंटी आहे मॅडम". साडीच्या सेलमध्ये आल्यासारखं वाटलं, निघाले तिथून.

मग कॉलेज रोडकडच्या दुसऱ्या सर्जनकडे गेले, एम.सीएच. प्लास्टिक सर्जरी ही पदवी घेतलेले आहेत ना ते आधी बघून. त्यांनी नर्सला बोलावलं, टेप लावून गळ्याखालच्या खाचेपासून निपलपर्यंत दोन्ही बाजू मोजल्या, छातीची रुंदी घेतली, मग स्पोर्ट्स ब्रामध्ये सायझर, म्हणजे इम्प्लांटच्या मापाचा नमुना, घालून वर माझाच टीशर्ट चढवायला लावला आणि म्हणाले जिना चढून या, हात वर करून बघा. कप साइज डोक्यातून काढा म्हणाले, इम्प्लांट सीसीमध्ये, म्हणजे आकारमानावर, मोजतात आणि तुमच्या दोन बाजूंना वेगवेगळे लागतील. स्वतःची चरबी भरायचंही विचारलं, पण त्यातली काही शरीर शोषून घेतं आणि माझ्या अंगावर काढायला आहे कुठे!

वॉरंटीचं विचारलं तर हसले. कंपनी फार तर नवा इम्प्लांट देईल, ऑपरेशन, भूल, हॉस्पिटल तुमच्याच खिशातून. इम्प्लांट जन्मभराचा नसतोच, कधी ना कधी काढावा किंवा बदलावा लागू शकतो. शरीर त्याच्याभोवती एक पडदा तयार करतं, तो कधी आवळतो आणि छाती कडक होते, दुखते. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटचं पण सांगितलं, लिम्फोमा नावाच्या एका दुर्मिळ कॅन्सरमुळे 2019 मध्ये एका कंपनीने तसले जगभरातून परत घेतले होते, म्हणून मी गुळगुळीतच सांगितलेत. सिलिकॉनचा इम्प्लांट आतल्या आत फुटला तर बाहेरून कळेलच असं नाही, त्यामुळे अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेचा, सल्ला असा की 5-6 वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि मग दर 2-3 वर्षांनी.

माझं घोडं अडलं मॅमोग्राफीवर, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीवर, कारण मावशीला ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय. इम्प्लांट असला तरी मॅमोग्राफी होते, पण काही भाग झाकला जातो म्हणून जास्तीचे फोटो घ्यावे लागतात, टेक्निशियनला आधीच सांगायचं. ऑपरेशनआधी एकदा तपासणी करून घेऊ म्हणाले, केली, नॉर्मल आली. दुसरं मूल हवं असेल तर थांबा असंही म्हणाले, छाती परत बदलते आणि दूध कमी येऊ शकतं. आमचं एकावरच थांबायचं ठरलेलं.

राहिला पैसा. हौसेच्या सर्जरीला मेडिक्लेम नाही, वर 18 टक्के जीएसटी. मी नवऱ्याला सांगितलं की आजचे पैसे आहेत म्हणून नाही करणार, पुढे काढायचे, बदलायचे पण बाजूला पडले तरच, आणि त्यासाठी वेगळी आरडी उघडली. ती उघडली त्या दिवशी मनातून हो झालं.

दिवाळीनंतरची तारीख घेतलीय. सासूबाईंना खरं काय ते सांगितलं, दोन दिवस बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या पोराला कोण उचलणार? काही आठवडे मला वजन उचलायचं नाहीये, म्हणून आई येतेय पिंपळगावहून राहायला.