साडेसतराचे सतरा

सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, झाली की आमच्याकडं कापसाची वेचणी लागते. वावर यवतमाळ जिल्ह्यात. संध्याकाळी काट्यावर जिचा जेवढा कापूस तेवढी तिची मजुरी, आणि चुकारा बाजाराच्या दिवशी. हिशोब आई वहीत ठेवायची. मागच्या दिवाळीत सुटीवर आलो आणि हौसेनं तिला मोबाइलवर चालेल असं एक वेबपान करून दिलं.

पहिल्याच दिवशी सकाळचे 18 आणि दुपारचे 22 मिळून एका काकूंचा कापूस 1822 किलो झाला! रकान्यातून येतं ते जावास्क्रिप्टला, म्हणजे पानाचा कोड ज्या भाषेत आहे तिला, मजकूरच. अधिकच्या चिन्हानं दोन तुकडे चिकटवले. कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकलेलं, तरी फसलो. मजकुराचा पूर्णांक करणारं पार्सइंट फंक्शन लावलं, बेरीज जमली.

दोन दिवसांनी त्याच काकू म्हणाल्या, "साडेसतराचे सतराच कावून झाले बाबू?" पार्सइंट पूर्णांकापुरतं वाचतं आणि बिंदू दिसला की गुपचूप थांबतं. मग नंबर फंक्शन घेतलं, ते अख्खा मजकूर तपासतं. तर आईनं मराठी कीबोर्डवरून १७.५ टाकलं आणि पडद्यावर 'नॅन', म्हणजे 'हा आकडाच नाही'. "तुह्या मशीनले आपले आकडे समजत नाई का?" गंमत अशी, की सर्व्हरवरचा कोड ज्या भाषेत होता त्या पायथॉनला समजत होते, तिचं फ्लोट फंक्शन देवनागरी अंक सरळ घेतं.

वैतागून रकानाच अंकांचा केला, आणि ती सगळ्यात मोठी चूक ठरली. न पटणारं काही टाकलं की ब्राउझर कोडच्या हाती रिकामा मजकूर ठेवतो, आणि नंबर फंक्शन रिकाम्याचा शून्य करतं. एका बाईची दिवसभराची वेचणी शून्य! नॅन निदान बोंबलतं तरी. शून्य निमूट बेरजेत जाऊन बसतं.

शेवटी रकाना परत साध्या मजकुराचा केला. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी यादी, तिच्यात ० ते ९ हे 2406 ते 2415 असे ओळीनं आहेत, म्हणून 2406 वजा केले की अंक हाती येतो. रिकामा मजकूर आधीच अडवायचा, मग नंबर, मग शून्याहून जास्त आणि 80 च्या आत. मर्यादा आईची: "ऐंशीच्या वर कोण वेचते रे?" त्या मर्यादेमुळं 1e3 पण अडतं, नाहीतर नंबर त्याचे मुकाट 1000 करतं. हीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा, कारण पान न उघडताही कोणी आकडा पाठवू शकतं.

वहीत मात्र आई अजून १७॥ असंच लिहिते. एकदा तसंच मोबाइलवर टाकलं, तर 'अवैध इनपुट' आलं. तो संदेश बदलून मी 'माय, वजन पुन्हा लिह' असा केला, आणि दुसऱ्या दिवशी ॥ चे .5 पण करून टाकले.